दही, एक वाटी

मला लहानपणापासून एक खोड आहे. कुठलीही वस्तू उकळून, विरघळवून किंवा निदान हुंगून पाहिल्याशिवाय माझं समाधान होत नाही. माहेरी, नागपूरच्या महाल भागात, या खोडीला चौकसपणा म्हणत. सासरी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तिला सरळ ‘किडे करणं’ म्हणत. “झाले का वं तुहे किडे सुरू?” असं त्या ओट्यापाशी उभ्या राहून विचारत, आणि मी हातातली परीक्षानळी पदराआड लपवत असे. लपवून काय उपयोग, स्पिरिटच्या दिव्याचा वास घरभर झालेला असे.

आणीबाणी नुकतीच उठली होती त्या सुमाराची ही गोष्ट. मी एका कॉलेजात रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते. कॉलेज सकाळचं, त्यामुळे पावणेसातला सायकल काढायची. निघताना आत्याबाई दारात उभ्या असत आणि माझ्या तळहातावर बोटभर दही-साखर ठेवत. ती चाटायची, हात पदराला पुसायचा आणि टांग मारायची. हे माझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून चाललं होतं. मी कधी त्याच्याकडे लक्षही दिलं नाही, आणि हेच पुढे मला नडलं.

आमचं घर हिंगणा रोडला होतं. तीन खोल्या, स्वयंपाकघराला लागून मोरी, मागच्या परसात संडास आणि एक लिंबाचं झाड. मामंजी, म्हणजे सासरे, हिंगण्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. कंपनीची बस साडेआठला कोपऱ्यावर येई. माणूस अंगानं भरलेला, बोलायला मोकळा आणि खाण्याचा शौकीन. काटोलकडच्या गावी त्यांचा वाटा अजून शाबूत होता, तिथून संत्री आली की एका बैठकीत डझन उडवायचे. माझे यजमान त्या वेळी नोकरीनिमित्त चंद्रपूरला असत आणि पंधरा दिवसांतून एकदा घरी येत. म्हणजे एरवी घरात आम्ही तिघंच.

त्या वर्षी कारखान्यात सगळ्यांची तपासणी झाली आणि मामंजींच्या कागदावर कोणीतरी लाल शाईनं गोल केला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तो कागद दोनदा पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाले, “साखर काठावर आहे. अजून आत पडली नाहीये. रक्तदाबही वरच्या अंगाला आहे. तुमचे मोठे भाऊ कशानं गेले म्हणालात?”

“हार्टनं,” मामंजी म्हणाले. “बावन्नाव्या वर्षी. गिरणीत, मशीनपाशीच.”

“तुमचं वय?”

“एक्कावन्न.”

परत येताना धंतोलीच्या दवाखान्यापासून घरापर्यंत मामंजी रिक्षात तो कागद मांडीवर धरून बसले. मला वडील नव्हते. लग्नानंतर मला पहिल्यांदा कोणी “जेवली का?” असं विचारलं असेल तर ते यांनी. हा माणूस बावन्नाव्या वर्षी जाता कामा नये, एवढंच माझ्या डोक्यात बसलं.

डॉक्टर तसे जुन्या वळणाचे, पण डोकं चौकस. त्यांनी साखर, बटाटा, भात कमी करायला सांगितलं, चालायला सांगितलं आणि शेवटी म्हणाले, “आणि रोज एक वाटी दही. घरचं, ताजं.” मी विचारलं, दही कशाला? तेव्हा ते जरा लाजल्यासारखे हसले. “माझं आपलं एक मत आहे. पोटातले जंतू चांगले असले की रक्तही चांगलं राहतं, काळजालाही बरं पडतं. सिद्ध बिद्ध काही नाही हं! पण दह्यानं नुकसान तर होत नाही.” मग खणातून त्यांनी गोळ्यांची एक बाटली काढली. कडक औषधांनी पोट बिघडलं की त्या काळी डॉक्टर दह्यातल्या जंतूंच्या गोळ्या देत, त्यातल्याच त्या. “महिनाभर याही देऊन पाहू.”

दह्यातले जंतू गोळीत! मला तर त्या दिवशी जेवण गेलं नाही. वाळवून, दाबून, बाटलीत भरलेले जंतू जिवंत असतील का? असले तर ते आत्याबाईंच्या विरजणातलेच भाऊबंद, की दुसऱ्या जातीचे? मी संध्याकाळी दोन वाट्यांत कोमट दूध घेतलं. एकीत आत्याबाईंचं विरजण घातलं, दुसरीत दोन गोळ्या कुटून घातल्या.

“काय करून राहिली वं?” आत्याबाईंनी विचारलं.

“गोळीचं दही लागतं का पाहतेय.”

“बाप्पा! औषधाचं दही! देवाच्या नैवेद्यात नको मिसळू, मी सांगून ठेवतो.” नागपूरकडे बायकाही स्वतःला ‘सांगतो, करतो’ म्हणतात. आत्याबाईंच्या तोंडी ते फार शोभून दिसे.

सकाळी आत्याबाईंची वाटी छान घट्ट लागली होती, उलटी केली तरी पडू नये अशी. गोळीची वाटी दुपारपर्यंत दूधच होती आणि संध्याकाळी तिच्यात जेमतेम पातळसर, बेचव काहीतरी जमलं. आत्याबाईंनी त्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि कीव आल्यासारख्या म्हणाल्या, “बिमार आहे बिचारं.” जंतू जिवंत होते पण आळशी होते, असं मी माझ्या वहीत लिहिलं. आत्याबाई मात्र त्या दिवसापासून फुलून गेल्या. डॉक्टरच्या गोळीपेक्षा त्यांचं दही सरस ठरलं होतं ना! त्या वाटीभर दह्याची जबाबदारी त्यांनी अंगावर घेतली आणि मी निर्धास्त झाले.

वहीचं सांगते. मी मामंजींची एक वही केली होती. त्यांनी रोज काय खाल्लं ते संध्याकाळी त्यांना विचारायचं आणि लिहायचं. ज्वारीच्या भाकरी दोन. वरण. पालकाची भाजी. चहा बिनसाखरेचा. दही, एक वाटी. मामंजी प्रामाणिकपणे सांगत. एखाद्या दिवशी कॅन्टीनमध्ये भजं खाल्लं असेल तर तेही मान खाली घालून सांगत.

शिवाय आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि रविवारी, मी त्यांची लघवी तपासत असे. आजच्यासारखी बोटाला टोचायची सोय तेव्हा घरोघरी नव्हती. मोरचूद, सोडा आणि आणखी एकदोन गोष्टी घालून केलेलं निळं द्रावण नळीत घ्यायचं, त्यात आठ थेंब लघवी, आणि उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त, आणि पार विटकरी झालं तर देवाचं नाव घ्यायचं. नमुना सकाळी दहाचा हवा, खाऊन दीडदोन तास झाल्यावरचा. रविवारी तो घरीच मिळे. बुधवारी मात्र मामंजी कामावर, म्हणून मी त्यांना बुचाची छोटी बाटली देत असे. ती दिवसभर नासू नये म्हणून आत ओव्याच्या फुलाचा, म्हणजे थायमॉलचा, बारीक खडा टाकलेला. ती बाटली डब्याच्या पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळून, हिंगण्याहून संध्याकाळी घरी येई.

“आमच्या सूनबाईनं माह्या मुताची परीक्षा लावली गा,” ते शेजाऱ्यांना फाटकातून ओरडून सांगत. “दर हप्त्याले दोन पेपर. आतापर्यंत तं काठावर पास होऊन राहिलो.”

मला मेलीला शरमेनं कुठे तोंड लपवू असं होई.

तीन-चार आठवड्यांनी मला एक गोष्ट दिसली. रविवारचा पेपर दरवेळी निळा, स्वच्छ, आकाशासारखा. बुधवारचा दरवेळी हिरवा, आणि दिवसेंदिवस पिवळ्याकडे झुकणारा. खाणं तेच. भाकरी त्याच. वहीत बुधवारीही ‘दही, एक वाटी’ आणि रविवारीही ‘दही, एक वाटी’. मग फरक कशाचा?

मी तर वेडीच झाले. आधी वाटलं, ओव्याच्या फुलानं रंग बदलत असेल. म्हणून रविवारच्या नमुन्यातही खडा टाकून पाहिला. निळा. मग वाटलं, बाटली खराब असेल. नवी घेतली. हिरवा. मग वाटलं, कामाच्या ताणानं साखर वाढत असेल. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, “होऊ शकतं बुवा,” आणि मी आठ दिवस त्याच आनंदात होते. मग कारखान्याला दोन दिवस सुटी लागली आणि बुधवार घरीच आला. त्या दिवशी गावाकडच्या वाटणीवरून मामंजींचं आणि त्यांच्या चुलतभावाचं असं कडाक्याचं भांडण झालं की लिंबावरचे कावळे उडाले. ताण म्हणाल तर डोक्यावरून पाणी. नळी निळी!

आणखी एक कोडं होतं, त्याचीही मी वहीत नोंद केली होती. आमच्या मोरीच्या कोपऱ्यात मुंग्या होत. बारीक, लाल. फिनाईल टाकलं तरी चार दिवसांनी परत हजर. साखरेच्या आजारात लघवीला मुंग्या लागतात हे मला माहीत होतं, म्हणून मी मोठ्या गंभीरपणे लिहिलं, ‘मोरीत मुंग्या. वाढत आहेत.’ आणि खाली रेघ मारली. मामंजींची तब्येत घसरते आहे याचा आणखी एक पुरावा म्हणून.

शेवटी एकच शक्यता उरली, की मामंजी कारखान्यात चोरून गोड खातात. हे मनात आलं आणि मला ते सहन होईना. एका बुधवारी नळी पार पिवळी झाली, तशी मी ती चिमट्यात धरूनच बाहेरच्या खोलीत गेले. मामंजी बुशशर्ट काढून पंख्याखाली बसले होते.

“मामंजी, खरं सांगा. कॅन्टीनमध्ये काय खाता?”

“जे तुले सांगतो तेच.”

“मग हे काय आहे? ही नळी खोटं बोलते का?”

ते नळीकडे पाहत राहिले. त्यांचा चेहरा असा उतरला की मला लगेच पश्चात्ताप झाला, पण शब्द तर गेला होता. “सूनबाई,” ते म्हणाले, “मले काय मरायची हौस आहे? मोठा भाऊ गेला तवा त्याच्या पोरींकडे पाह्यलं आहे म्या. मी कायले खोटं बोलू?” मग ते उठून परसात गेले आणि जेवायला बोलावलं तरी लवकर आले नाहीत. त्या दिवशी वहीसाठी त्यांनी काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आत्याबाई दोघांच्या मधे तांब्या घेऊन बसल्या होत्या. घोट घोट पाणी पीत होत्या आणि माझ्याकडे रागानं पाहत होत्या. उन्हाळा होता, त्यांना तहान फार लागे.

उलगडा झाला तो एका साध्या सकाळी. विद्यार्थ्यांचा संप लागला, कॉलेज पहिल्या तासालाच सुटलं. मी सायकल लावून मागच्या दारानं आत आले, तेव्हा सव्वाआठ झाले होते. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण कामाच्या दिवशी मामंजींना निघताना मी कधी पाहिलंच नव्हतं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. मामंजी पायात चप्पल घालून, पिशवी घेऊन उंबऱ्यापाशी उभे. आत्याबाईंनी फडताळातून दह्याची वाटी काढली. भरलेली वाटी, माझ्या वहीतली, तीच. मग डबा उघडून रेशनच्या साखरेचा एक चमचा घातला. दुसरा घातला. तिसरा घातला. ढवळलं. मामंजींनी वाटी तोंडाला लावली, उभ्याउभ्या संपवली, मिशी पुसली आणि “येतो वं,” म्हणून बाहेर पडले.

मी पुढे होऊन साखरेचा डबा उचलला.

“आत्याबाई! हे काय?”

“काय काय?”

“तुम्ही त्यांना साखर दिलीत! तीन चमचे!”

“साखर कुठं दिली? शकुन दिला,” त्या म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेशही नव्हता. मी डोळे फाडून पाहत होते. “ते काय खाणं आहे का? कामाले निघणाऱ्या माणसाच्या हातावर दही-साखर ठेवाच लागते. तुह्या नाही का ठेवत मी रोज?”

ठेवत होत्या. रोज. मी चाटत होते. आणि वहीत दोन भाकरींच्या तुकड्यांचा हिशेब लिहिणाऱ्या मला ती कधी खाण्यात धरावीशी वाटली नव्हती. मामंजींनी तरी कशी धरावी? ‘दही, एक वाटी’ हे अगदी खरं होतं. रविवारी तीच वाटी दुपारी जेवताना मिठासोबत जाई. कामाच्या दिवशी ती उंबऱ्यावर जाई, आणि उंबऱ्यावरचं दही बिनसाखरेचं कसं असेल?

“पण शकुनाचं बोटभरच असतं ना! वाटीभर कधीपासून?”

“डॉक्टरनं सांगितलं तवापासून. वाटीभर दही द्या म्हणे. मंग दही वाढवलं तं साखर नको वाढवाले? नुसतं आंबट दही घेऊन माणूस घराबाहेर धाडते का कोणी?”

मी हसावं की रडावं! रागानं माझा आवाज चढला. मी म्हटलं, आत्याबाई, तुमच्या या शकुनानंच त्यांची साखर वाढते आहे, उद्यापासून बंद. यावर त्या एकदम पांढऱ्याफटक झाल्या. वाटी त्यांच्या हातातच होती. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

“भासरे गेले त्या दिवशी दही लागलं नव्हतं वं,” त्या म्हणाल्या. भासरे म्हणजे मामंजींचे ते गिरणीतले मोठे भाऊ. तेव्हा सगळे एकत्र राहत आणि दह्या-दुधाचं काम धाकटी जाऊ म्हणून आत्याबाईंकडे. “थंडीचे दिवस होते. रात्री इरजण लावून झाकून ठेवलं मी. सकाळी पाह्यलं तं दूधच. भासरे दारात उभे, गिरणीचा भोंगा होऊन राहिला. मी शेजारून दही आणाले धावली. येऊन पाह्यतो तं ते निघून गेले होते. माह्या हातात वाटी, अन् दारात कोणी नाही. दुपारी निरोपच आला.” त्यांनी पदर तोंडाला लावला. “कोणी मले काही म्हटलं नाही. पण मले तं माहीत आहे ना.”

इतकी वर्षं ही बाई रात्री उठून उठून विरजण पाहत होती. मला वाटायचं, वयानं झोप कमी झाली असेल. माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. दह्यानं कोणी मरत नाही आणि वाचतही नाही, हे मी त्यांना सांगणार होते का? आणि मी स्वतः तरी दुसरं काय मानत होते? मीही एका वाटी दह्यावर भिस्त ठेवूनच बसले होते की!

संध्याकाळी मामंजी आले. मी आधी त्यांच्या पाया पडले आणि माफी मागितली. मग सगळं सांगितलं. ते असे खो खो हसले की पंख्याखालची खाट हलायला लागली. “म्हंजे चोर घरातच होता! अन् चोराले माहीतच नाही का तो चोर आहे!” हसून झालं, तशी त्यांची नजर आत्याबाईंकडे गेली. त्या हसत नव्हत्या. मग तेही गंभीर झाले.

“अवं, मले सांग,” त्यांनी विचारलं. “शकुन दह्यात असते का साखरेत?”

“दोन्हीत,” आत्याबाई खाली मान घालून म्हणाल्या.

“मंग असं करू. दही मी खातो, साखर तू खा. घर तं एकच आहे ना आपलं?”

आत्याबाईंनी मान वर केली. त्यांना ते पटलं. इतकं पटलं की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवसापासून उंबऱ्यावर नवा रिवाज सुरू झाला. मामंजी नुसतं दही खात, तोंड वेडंवाकडं करत, आणि आत्याबाई त्यांच्या समोर उभ्या राहून त्यांच्या वाट्याचे तीन चमचे साखर स्वतः खात. पुरे तीन. एक दाणा कमी नाही. शकुनात कसर नको म्हणून. पहिल्या दिवशी बसला उशीर झाला, तर संध्याकाळी मामंजी येईपर्यंत त्या फाटकाला धरून उभ्या होत्या. ते दिसले तेव्हा त्यांनी फाटक सोडलं आणि म्हणाल्या, “आले.” तेवढंच.

त्या बुधवारी नळी निळी निघाली. मी ती खिडकीपाशी उजेडात धरून नाचवली. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी टेबलावर थाप मारली. “वा! तोडगा उत्तम काढला. वही छान ठेवलीत हं तुम्ही.” माझी छाती अशी फुगली होती म्हणता! मी माहेरी गेले, शाळेतल्या मैत्रिणींना भेटले, सगळीकडे हीच गोष्ट. दही, शकुन, तीन चमचे. लोक पोट धरून हसत.

मोरीतल्या मुंग्या मात्र गेल्या नाहीत. नळी आठवड्यामागून आठवडे निळी, आणि मुंग्या तशाच. मला आठवतं, मी वहीत लिहिलं होतं, ‘मोरीत मुंग्या, अजूनही?’ आणि पुढे प्रश्नचिन्ह. मग कधीतरी मीच स्वतःची समजूत घातली, की भांडी घासताना गुळाचं काही सांडत असेल. कोडं सोडवायला मजा येते ती उत्तर हवं असतं तेव्हा. मला हवं होतं ते उत्तर मिळालं होतं.

मामंजींनी बावन्न ओलांडलं, पंचावन्न ओलांडलं, रिटायर झाले. सकाळी चालायला जात, तेव्हाही उंबऱ्यावर दही आणि साखर ठरलेलंच. दह्यातल्या जंतूंनी त्यांच्या काळजाचं खरंच काही भलं केलं का, हे मला माहीत नाही. डॉक्टरांनाही नव्हतं. आता माझी नात त्याच जंतूंच्या महागड्या कॅप्सूल मला आणून देते आणि मी तिला विचारते, “बाई, हे सिद्ध झालं का?” तर तीही खांदे उडवते. पण मामंजी पुष्कळ जगले, एवढं खरं.

आत्याबाई त्यांच्या आधी गेल्या. त्या तोडग्यानंतर सहा-सात वर्षांनी, एका मे महिन्यात. दोन दिवस त्यांना मळमळत होतं, घाम येत होता. छातीत दुखतं का विचारलं, तर नाही म्हणाल्या. नागपूरचा मे, कोणाला घाम येत नाही? मी कांद्याचा रस दिला, कैरीचं पन्हं दिलं. चांगलं गोड करून दिलं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या मोरीतून येताना भिंत धरून खाली बसल्या. हॉस्पिटलात नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं संपलं.

तिथला डॉक्टर अगदी तरुण होता. त्यानं आम्हाला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं आणि हळू आवाजात समजावून सांगितलं. हार्ट अटॅक दोन दिवसांपूर्वीच येऊन गेला होता. साखर खूप वाढलेली होती आणि ती आजची नाही, दहा-बारा वर्षांची जुनी असावी. अशा माणसाला कधी कधी छातीत दुखतच नाही. पायाच्या भेगा बऱ्या होत नव्हत्या, पाणी फार प्यायच्या, रात्री उठावं लागायचं, असं काही होतं का, त्यानं विचारलं.

तीन चमचे साखरेनं कोणाला मधुमेह होत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तो त्यांना आधीपासून होता. मामंजींच्या कागदावर लाल गोल झाला, त्याही आधीपासून. लघवीला मामंजी रात्री-अपरात्रीही कंदील घेऊन परसातच जात. मोरीत ते कधी गेले नाहीत. हे मला घरात पाऊल टाकल्यापासून माहीत होतं.

“घरात यांची साखर कधी कोणी तपासली नव्हती का?” डॉक्टरनं विचारलं.

मामंजींनी उपरण्यानं डोळे पुसले आणि मान ताठ केली. “तपासली नं साहेब,” ते म्हणाले. “आमच्या घरी दर हप्त्याले तपासणी होते. आमची सूनच करते. सगळं वहीत लिहून ठेवते.”

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. वह्या चार भरल्या होत्या. त्यांत आत्याबाईंच्या नावाची एकही ओळ नव्हती. होत्या त्या फक्त मुंग्यांच्या.